अर्धस्वयंचलित शॉटगन : खरेदीची वाट अरुंद, निगा मालकाच्या हाती, फेरफार मात्र गजाआड नेणारा

म्हैसूर : म्हैसूर जंक्शन सोडून नंजनगूड आणि चामराजनगरच्या दिशेने निघालेली गाडी सर्वप्रथम चामराजपुरम या छोट्या स्थानकात येते. वडियार राजांचे नाव मिरवणारी ही शहरातील एक जुनी वस्ती. लोहमार्ग पुढे ज्या चामराजनगर जिल्ह्यात जातो, तेथेच बंडीपूरचे अरण्य आहे. आज ते व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखले जाते. संस्थानी काळात ते म्हैसूरच्या महाराजांचे शिकारीचे रान होते. शिकारीत मारलेल्या प्राण्यांची कातडी पेंढा भरून जतन करणारी ‘व्हॅन इन्जेन’ ही जगप्रसिद्ध कार्यशाळाही याच शहरात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. त्या काळातील बंदुका मात्र संपल्या नाहीत. दक्षिण कर्नाटकातच नव्हे, तर कोकणापासून विदर्भापर्यंत अनेक घरांत त्या अजूनही कपाटात किंवा माळ्यावर आहेत.

अशा घरातील मूळ परवानाधारक निवर्तला की वारसांपुढे प्रश्न उभे राहतात. ही बंदूक ठेवता येईल का? तिच्या जागी नवी अर्धस्वयंचलित शॉटगन घेता येईल का? गंजलेली नळी कापून आखूड केली, दस्ता बदलला तर चालेल का? परदेशी चित्रफिती पाहून असे विचार सहज सुचतात. भारतातील कायद्याचे उत्तर मात्र तिन्ही प्रश्नांना वेगवेगळे आहे. बंदूक ठेवता येऊ शकते, परंतु परवाना वारसाच्या नावावर झाल्यानंतरच. नवी अर्धस्वयंचलित शॉटगन घेणे सामान्य नागरिकाला जवळपास अशक्य आहे. आणि नळी कापण्याची शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

शॉटगन म्हणजे काय, अर्धस्वयंचलित म्हणजे काय?

शॉटगन ही गुळगुळीत नळीची बंदूक होय. रायफलच्या नळीत आतून नागमोडी खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत दूरवर सरळ जाते. शॉटगनच्या नळीत अशा खाचा नसतात. तिच्या एका काडतुसातून अनेक छर्रे एकाच वेळी सुटतात आणि अंतर वाढेल तसे पसरत जातात. उडता पक्षी किंवा हवेत फेकलेली मातीची तबकडी टिपण्यासाठी ती सोयीची ठरते, याचे कारण हेच.

‘१२ बोअर’ या मापाचा उगमही रंजक आहे. नळीच्या आतील व्यासाची शिशाची गोळी घेतली, तर अशा १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. म्हणूनच आकडा जितका लहान तितकी नळी रुंद; १२ बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर व्यासाची असते, तर २० बोअरची तिच्याहून अरुंद. ‘.४१० बोअर’ हा त्याला अपवाद. तेथे आकडा इंचांतील व्यास दर्शवतो.

बंदूक भरण्याच्या पद्धतीवरून तिचे प्रकार पडतात. तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायची ती ठासणीची बंदूक. कोकणात पिकांच्या राखणीसाठी तिचे परवाने पूर्वापार दिले जात आले आहेत. मागील बाजूने काडतूस भरायची ती काडतुसी बंदूक. तिच्यात एकनळी आणि दुनळी असे भेद आहेत. पंप-ॲक्शन बंदुकीत नळीखालील मूठ हाताने मागे-पुढे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. अर्धस्वयंचलित बंदुकीत हे काम हाताने करावे लागत नाही. एकदा चाप ओढला की एकच बार उडतो, परंतु त्या बाराच्याच शक्तीने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढचे काडतूस नळीत बसते. चाप पुन्हा सोडून ओढल्याशिवाय दुसरा बार होत नाही. चाप दाबून धरताच गोळ्या सुटत राहतात ती पूर्ण स्वयंचलित बंदूक. भारतात तिला ‘निषिद्ध शस्त्र’ म्हटले जाते.

एकाच कामाच्या तीन युक्त्या

यशस्वी ठरलेली पहिली अर्धस्वयंचलित शॉटगन अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी तयार केली. ‘ऑटो-५’ या नावाने ओळखली जाणारी ही बंदूक बेल्जियममधील एफएन कारखान्यात १९०२ पासून बनू लागली आणि जवळपास शतकभर बनत राहिली. तिच्यात बार उडताच नळी आणि खटका दोन्ही एकत्र मागे सरकतात. नळीखालील स्प्रिंग आणि घर्षणाचे कडे हा धक्का झेलतात.

दुसरी युक्ती वायूची. नळीला असलेल्या बारीक छिद्रांतून जळत्या दारूचा थोडा वायू बाहेर घेऊन तो दट्ट्याला मागे ढकलतो. १९६३ मध्ये आलेली ‘रेमिंग्टन ११००’ ही या प्रकारातील गाजलेली बंदूक. तिचा धक्का खांद्याला सौम्य जाणवतो, परंतु वायूबरोबर काजळीही यंत्रणेत शिरते. तिसरी युक्ती जडत्वाची. इटलीच्या ‘बेनेल्ली’ने ती लोकप्रिय केली. बंदूक धक्क्याने मागे जाते, तेव्हा खटक्याचा जड भाग क्षणभर जागीच राहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्या उसळीने पुढची क्रिया घडते. ही यंत्रणा स्वच्छ राहते. मात्र बंदूक खांद्याला घट्ट धरली नाही किंवा तिच्यावर जड वस्तू जोडल्या, तर ती अडखळू शकते.

हे भेद केवळ तांत्रिक कुतूहलाचे नाहीत. कोणत्या बंदुकीची निगा कशी राखावी आणि कोणता बदल तिला घातक ठरतो, हे त्यांच्यावरूनच ठरते.

कायदा नेमका कुठे आडवा येतो?

भारतात नागरी शस्त्रांचा कारभार १९५९ च्या शस्त्र अधिनियमावर आणि २०१६ च्या शस्त्र नियमांवर चालतो. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांच्या श्रेणी दिल्या आहेत. काडतुसी गुळगुळीत नळीच्या बंदुका तिसऱ्या श्रेणीत येतात. अर्धस्वयंचलित बंदुका मात्र काही अपवाद वगळता पहिल्या श्रेणीत मोडतात आणि २० इंचांपेक्षा आखूड नळीच्या गुळगुळीत बंदुकाही त्यांच्याच पंक्तीला बसवल्या आहेत. अपवादांमध्ये पिस्तुलांचा समावेश आहे. परिणामी, स्वतःहून भरले जाणारे लहान पिस्तूल तिसऱ्या श्रेणीत राहते, परंतु त्याच तत्त्वावर चालणारी लांब नळीची शॉटगन पहिल्या श्रेणीत जाते.

श्रेणी बदलली की परवाना देणारा अधिकारीही बदलतो. तिसऱ्या श्रेणीसाठी अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या म्हैसूर, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत तो पोलीस आयुक्तांकडे जातो. पहिल्या श्रेणीचा निर्णय मात्र केंद्रीय गृह मंत्रालय घेते आणि तो विशेष कारणांसाठीच होतो. याशिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद आहे. त्यामुळे परवाना मिळाला तरी बाजारात घेण्याजोगी बंदूक सापडणे कठीण.

गुळगुळीत नळीच्या साध्या बंदुकीबाबत कायदा तुलनेने उदार आहे. संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा परवाना, नकाराचे वैध कारण नसेल तर, दिला जावा, असे अधिनियमाचे कलम १३ सांगते. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पोलिसांचा अहवाल घेतला जातो, शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षित पद्धतीचे प्रशिक्षण घ्यावे लागते, तसेच बंदूक घरात कुठे आणि कशी कुलूपबंद ठेवणार हेही सांगावे लागते. परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होते आणि त्याला विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसलेला जुना परवाना आता ग्राह्य धरला जात नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीने आणखी दोन मोठे बदल झाले. पूर्वी एका व्यक्तीला तीन बंदुका ठेवता येत. ती मर्यादा दोनवर आली. दुसरीकडे परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. वारशाने मिळालेल्या बंदुकांनाही दोनची मर्यादा लागू आहे.

खेळाडूंसाठी वेगळी वाट

नेमबाजांना या चौकटीत सवलत आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार आंतरराष्ट्रीय पदकविजेते आणि नामवंत नेमबाज यांना किती क्रीडाप्रकारांत ते नामवंत आहेत त्यानुसार ८, १० किंवा कमाल १२ अतिरिक्त शस्त्रे ठेवता येतात. उदयोन्मुख नेमबाजांसाठीची मर्यादा एकवरून दोन करण्यात आली. प्रशिक्षणात, विहित अटींवर, वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या मुलांनाही बंदूक वापरता येते.

येथे एक विसंगती लक्षात येते. ऑलिम्पिकमधील ट्रॅप आणि स्कीट या प्रकारांत १२ बोअरपर्यंतची गुळगुळीत बंदूक आणि कमाल २४ ग्रॅम छर्ऱ्यांचे काडतूस वापरले जाते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम तेथे अर्धस्वयंचलित बंदुकीला परवानगी देतात आणि पंप-ॲक्शनला नाकारतात. भारतातील सामान्य परवानाधारकाची स्थिती बरोबर उलट आहे; पंप-ॲक्शन बंदूक त्याला घेता येते, अर्धस्वयंचलित नाही. प्रत्यक्षात मैदानावरील बहुतेक अव्वल नेमबाज एकावर एक नळ्या असलेली दुनळीच पसंत करतात. दोन नळ्यांच्या तोंडांची घट्टाई वेगवेगळी ठेवता येते आणि यंत्रणा अडकण्याची भीती जवळपास नसते. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचे रौप्यपदक मिळवले, तो क्रीडाप्रकार याच मैदानी नेमबाजीचा.

बंदूक निवडताना काय पाहावे?

नवी १२ बोअर बंदूक घ्यायची तर भारतीय बनावटीचे पर्याय आहेत. बिहारमधील मुंगेर हे खासगी कारखान्यांचे जुने केंद्र एकनळी-दुनळी बंदुकांसाठी प्रसिद्ध आहे. सरकारी आयुध कारखान्यांनीही १२ बोअरची पंप-ॲक्शन बंदूक नागरी बाजारात आणली. काडतुसांच्या बाबतीत महाराष्ट्राचे नाव जुने आहे. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला आणि त्याची ‘शक्तिमान’ काडतुसे देशभरातील परवानाधारकांच्या परिचयाची आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा खडकीचा कारखाना पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेला.

जुनी बंदूक घेताना आधी कागद, मग लाकूड-लोखंड, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे. बंदुकीवर कोरलेला क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यावरील क्रमांकाशी तंतोतंत जुळला पाहिजे. क्रमांक घासलेला, पुन्हा कोरलेला किंवा नसलेला आढळला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. ओळखचिन्ह नसलेल्या बंदुकीची विक्री कायद्याने मना आहे. नळीची लांबी आणि चाचणीची शिक्के-चिन्हे पाहावीत. काडतूस बसते त्या कोठीची लांबीही पडताळावी. जुन्या विलायती बंदुकांची कोठी अनेकदा अडीच इंचांची असते, तर आजची काडतुसे साधारणतः पावणेतीन इंचांची. लांब काडतूस आखूड कोठीत शिरते, परंतु उडताना त्याचे तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो.

रिकामी नळी उजेडाकडे धरून आत पाहिले तर गंजाचे खड्डे, फुगवटे आणि पोचे दिसतात. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या, लहरीदार नक्षीच्या दमास्कस नळ्या देखण्या असतात. मात्र त्या काळ्या दारूच्या काळातील आहेत. आधुनिक धूररहित दारूची काडतुसे त्यांत वापरणे जिवावर बेतू शकते.

दोन परवानाधारकांमधील खासगी विक्रीलाही नियम आहे. विक्रीचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय बंदूक हस्तांतरित करता येत नाही.

निगा : पावसाळा हाच मोठा शत्रू

खरेदी आणि फेरफार यांच्या बाबतीत मालकाचे हात बांधलेले असले, तरी निगा पूर्णपणे त्याच्या हाती आहे. म्हैसूरचा पावसाळा असो वा कोकणाचा, दमट हवेत न पुसलेली नळी थोड्याच दिवसांत तांबेरा धरते.

कोणत्याही कामाआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करणे हा पहिला नियम. अर्धस्वयंचलित आणि पंप-ॲक्शन बंदुकीत तो दुप्पट महत्त्वाचा ठरतो. नळीखालील कोठारातील काडतुसे काढली, तरी एक काडतूस नळीत बसलेले असू शकते. दुनळी मोडली की दोन्ही कोठ्या डोळ्यांसमोर येतात. या बंदुकांत तसे होत नाही. म्हणून खटका मागे ओढून कोठीत डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. काडतुसे त्या खोलीतच नसावीत.

नळी मागील बाजूने तोंडाकडे साफ करतात. सळईला आधी द्रावणात भिजवलेली चिंधी, मग पितळी तारांचा ब्रश, पुन्हा कोरड्या चिंध्या आणि शेवटी तेलाचा पातळ हात, हा प्रस्थापित क्रम आहे. चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत तो पुन्हा करावा. पुढच्या वेळी बंदूक वापरण्यापूर्वी नळीतील तेल पुसून काढणेही तितकेच आवश्यक.

यानंतर यंत्रणेप्रमाणे वाट बदलते. वायूवर चालणाऱ्या बंदुकीत दट्ट्या, त्याचे कडे आणि नळीची छिद्रे यांवरील काजळी काढावी लागते. छिद्रे बुजली की काडतूस अर्ध्यावर अडकते. ‘ऑटो-५’सारख्या बंदुकीत मालकाचा अतिउत्साह नडतो. तिच्या कोठारनळीवर तेलाचा जाड थर दिला तर घर्षण कमी होते, नळी जोराने मागे आदळते आणि कालांतराने दस्ता तडकतो. हलक्या आणि जड काडतुसांसाठी घर्षणाच्या कड्याची मांडणी वेगळी असते. ती चुकली तरी परिणाम तोच. जडत्वाच्या यंत्रणेत तेल कमीच बरे, कारण चिकट तेलात धूळ साचते.

साठवणुकीत एक चूक सर्रास होते. बंदूक चामड्याच्या किंवा कापडी म्यानात घालून वर्षानुवर्षे ठेवली जाते. चामडे ओलावा धरून ठेवते आणि नळीवर नेमके म्यानाच्या आकाराचे गंजाचे डाग पडतात. कुलूपबंद पोलादी कपाट, त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि दर महिन्याला एकदा तपासणी, ही व्यवस्था अधिक सुरक्षित असते. दस्त्याच्या लाकडाला जवसाच्या तेलाचा हलका हात पुरेसा होतो.

काडतुसांचेही आयुष्य असते. जुनी कागदी काडतुसे दमट हवेत फुगतात आणि कोठीत अडकतात. काडतुसातील दारू अर्धवट जळाली तर आवाज नेहमीपेक्षा क्षीण येतो आणि मधला बोळा नळीतच राहू शकतो. अशा वेळी पुढचा बार न करता बंदूक रिकामी करून नळी तपासावी. अडथळा असलेल्या नळीतून उडवलेला बार नळी फाडू शकतो. घरात १२ आणि २० बोअर अशा दोन्ही बंदुका असतील तर धोका आणखी वाढतो. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या कोठीतून पुढे सरकून नळीत अडकते, कोठी रिकामी दिसते आणि मागून १२ बोअरचे काडतूस भरले जाते. अशा अपघातांमुळेच २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत जगभर रूढ झाली.

फेरफार : रेषा कुठे आहे?

बंदुकीत करता येण्याजोगे बदल आणि गुन्हा ठरणारे बदल यांतील रेषा कायद्याने स्पष्ट आखली आहे. खांद्याला बसणारा धक्का कमी करण्यासाठी दस्त्याला रबरी गादी लावणे, मालकाच्या हातांच्या लांबीनुसार दस्ता जुळवून घेणे, पट्टा बसवणे, झिजलेली माशी बदलणे, यांनी बंदुकीची श्रेणी बदलत नाही. मुळातच नळीच्या तोंडाशी सुट्या घट्टाया बसवण्याची सोय असेल, तर त्या बदलणे हाही वापराचाच भाग आहे. सुमारे ४० यार्डांवर पूर्ण घट्ट तोंडाच्या नळीतून निघालेले साधारण ७० टक्के छर्रे ३० इंचांच्या वर्तुळात पडतात, तर मोकळ्या नळीतून ४० टक्क्यांच्या आसपास. एवढाच तिचा हेतू. मात्र यंत्रणेला हात लागेल अशी कोणतीही दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते, कारण बंदुका दुरुस्त करण्याच्या व्यवसायालाही स्वतंत्र परवाना लागतो. गावातील लोहार किंवा लेथ चालवणारा कितीही कुशल असला, तरी हे काम त्याच्याकडे नेणे दोघांनाही अडचणीत आणते.

रेषेपलीकडचे पहिले कृत्य म्हणजे नळी आखूड करणे. अधिनियमाचे कलम ६ त्यासाठी वेगळा परवाना मागते. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाची व्याप्ती वाढली; नियमांतील एका श्रेणीची बंदूक दुसऱ्या श्रेणीत रूपांतरित करणे हाही आता त्याच कलमाखाली येतो. म्हणजे नळीचे तोंड गंजले म्हणून कोणी सहा इंच कापून टाकले आणि उरलेली नळी २० इंचांखाली आली, तर हातात राहते ती पहिल्या श्रेणीची बंदूक. कापणाऱ्याच्या मनात काय होते, याने तिची श्रेणी बदलत नाही. या गुन्ह्याला पूर्वी तीन ते सात वर्षांची कैद होती. दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली. बाराचा आवाज किंवा झोत कमी करणारी उपकरणेही पहिल्या श्रेणीत येतात. कोरलेला क्रमांक घासून काढणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

या कठोरतेमागे कारण आहे. लांब नळीची बंदूक लपवून नेता येत नाही, हीच तिच्याबाबतच्या सौम्य धोरणाची अट आहे. नळी कापली की ती अंगरख्याखाली मावते आणि कायद्याने दिलेल्या सवलतीचा पाया निघून जातो.

इतर देशांनीही हाच विचार वेगवेगळ्या मापांनी केला आहे. १९८७ मधील हंगरफोर्ड हत्याकांडानंतर ब्रिटनने दोनपेक्षा अधिक काडतुसांचे कोठार असलेल्या पंप आणि अर्धस्वयंचलित शॉटगनसाठी कठोर प्रमाणपत्र लागू केले. १९९६ मधील पोर्ट आर्थर येथील गोळीबारानंतर ऑस्ट्रेलियाने दोन्ही प्रकारांवर कडक निर्बंध घातले. २०१९ मध्ये क्राइस्टचर्च येथील हल्ल्यानंतर न्यूझीलंडने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली, परंतु पाचपेक्षा अधिक काडतुसे न मावणाऱ्या स्थिर कोठाराच्या शॉटगन वगळल्या. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीवेळी कोठारात ठोकळा बसवून बंदुकीची क्षमता तीन काडतुसांवर आणावी लागते. कायद्यानेच सक्ती केलेला फेरफार, असे त्याचे स्वरूप आहे.

शेजारच्या कोडगूचे वेगळेपण

म्हैसूरला लागून असलेल्या कोडगू जिल्ह्यात परवान्याचे गणित वेगळे आहे. कोडवा समाजातील व्यक्ती आणि जम्मा जमीनधारक यांना ब्रिटिश काळापासून शस्त्रपरवान्यातून सूट आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या कैलपोद सणात तेथे घराघरांत शस्त्रांची पूजा होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ही सूट २०२९ पर्यंत वाढवली आणि तिला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये फेटाळले. मात्र ही सूट ठरावीक व्यक्तींना आणि अटींसह आहे. कोडगूतील नातेवाइकाची बंदूक म्हैसूरच्या घरात आणून ठेवल्याने ती सवलत तेथील रहिवाशाला लागू होत नाही.

वारसाने आधी काय करावे?

वारशाची बंदूक हा सर्वाधिक घरांना भेडसावणारा प्रश्न आहे. परवाना व्यक्तीला दिलेला असतो. बंदुकीला किंवा घराला नव्हे. परवानाधारकाच्या मृत्यूबरोबर घरातील इतरांचा ती बाळगण्याचा आधार संपतो. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा आता दोन ते पाच वर्षे कैद अशी आहे, आणि ‘आजोबांची आठवण होती’ हा बचाव कायद्यात नाही.

हे टाळण्याची सोय हयातीतच आहे. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर तो ती कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करू शकतो. वारसाला अर्थातच परवान्याच्या सर्व अटी पूर्ण कराव्या लागतात. वेळ निघून गेली असेल, तर अधिनियमाचे कलम २१ मार्ग दाखवते. बंदूक आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावीत. जमा केल्याने मालकी लगेच जात नाही. विहित मुदतीत परवाना मिळवून वारस बंदूक परत घेऊ शकतो किंवा पात्र व्यक्तीला विकू शकतो. मुदत उलटू दिली, तर ती सरकारजमा होण्याची शक्यता असते. परवानाधारकांनाही निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या आदेशाने बंदूक अशाच प्रकारे जमा करावी लागते, त्यामुळे ही प्रक्रिया पोलीस ठाण्यांना नवी नाही.

जमा करताना मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे ओळखपत्र सोबत न्यावे. बंदूक रिकामी आणि काडतुसांपासून वेगळी बांधलेली असावी. ती नेण्यापूर्वी ठाण्याला कळवणे इष्ट. बंदुकीचा प्रकार, बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या नोंदवलेली पावती घेतल्याशिवाय परतू नये. परवान्याचा निर्णय होईपर्यंत वारसाचा हक्क सिद्ध करणारा कागद तोच असतो.